घरी चित्रकलेचा क्लास काढायचाय, पण फी मागायला जीभ रेटत नाही

वाचकाचं पत्र:

ताई, मी साताऱ्याला राहते. लग्नाआधी एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) केलंय आणि काही वर्षं एका शाळेत ड्रॉइंग टीचर होते. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली, आता ती तिसरीत आहे. आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघी मागे लागल्यात की तू घरीच क्लास काढ, आम्ही मुलं पाठवतो. आमचं बैठं घर आहे, पुढे बंदिस्त करून घेतलेली पडवी आहे, साधारण दहा बाय बारा. मिस्टर म्हणतात पंधरा हजारापर्यंत घाल आणि कर सुरू. सासूबाईंना भीती वाटते की घराची धर्मशाळा होईल आणि भिंती-फरश्या खराब होतील. मला वेगळंच टेन्शन आहे. मी काही मोठी आर्टिस्ट नाही, कधी प्रदर्शन भरवलं नाही, मग लोकांकडून पैसे घ्यायचे कोणत्या तोंडाने? फी किती ठेवू? नणंदेची दोन मुलं येणार म्हणतायत, त्यांच्याकडून घ्यायची का? एलिमेंटरी-इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षांची बॅच घेऊ का? लायसन वगैरे लागतं का? कुणीतरी म्हणालं की सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासला घ्यायला सरकारने बंदी केलीय. आणि प्लीज मला धाकट्या बहिणीसारखं अगं-तुगंच करा.

उत्तर:

अगं, तू एवढे प्रश्न विचारलेस पण खरा प्रश्न एकच आहे, की मी मोठी आर्टिस्ट नाही तर पैसे कोणत्या तोंडाने घेऊ. फीचा, नणंदेच्या मुलांचा, सगळे प्रश्न त्याच्यातूनच आलेत, म्हणून आधी त्यावर बोलते. प्रदर्शन भरवणं हे एक काम आहे आणि सात वर्षांच्या पोराशेजारी मांडी घालून बसून त्याला बघायला शिकवणं हे दुसरं काम आहे, आणि ज्याला पहिलं येतं त्याला दुसरं येतंच असं अजिबात नाही. एटीडी हा कोर्स आहेच मुळी दुसऱ्या कामासाठी. त्यात तू पाठ घेतलेत, फळ्यावर खडूने काढून दाखवलंयस, नंतर शाळेत भरलेला वर्ग सांभाळलायस. पालक तुझ्याकडे तुझी चित्रं विकत घ्यायला येणार नाहीयेत, त्यांना आपल्या मुलाचा दीड तास चांगल्या हाती द्यायचाय, आणि तो दीड तास नीट जावा म्हणून तू आदल्या दिवशी जी तयारी करणार आहेस तिचेही पैसे लागतात. तेव्हा पैसे याच तोंडाने घ्यायचे.

पण ते हक्काने मागता यावेत यासाठी एक गोष्ट आधीच पक्की कर. तुझ्या क्लासमधून मूल दर वेळी एक सुंदर चित्र घेऊन घरी जाणार, की मूल चित्र काढायला शिकणार? दोन्ही थोडं थोडं करू असं वाटतं, पण होत नाही. सुंदर चित्र घरी न्यायचं असेल तर मॅडमला मधूनमधून हात चालवावाच लागतो, इथे शेडिंग करून दे, तिथे नाक नीट करून दे, शेवटी काळ्या पेनने आउटलाइन मारून दे, आणि मग ते चित्र आईच्या व्हॉट्सॲप स्टेटसला जातं आणि सगळे खूश. सहा महिन्यांनी त्याच मुलाला कोरा कागद दिलास की ते तुझ्या तोंडाकडे बघतं. मला हे बघवत नाही, खरंच सांगते. त्यामुळे माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हाच की मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही. काही दाखवायचं असेल तर तुझ्या हातात वेगळा कागद ठेव, त्यावर काढून दाखव, आणि तो कागद नंतर बाजूला काढून टाक म्हणजे मूल त्याची कॉपी करत बसणार नाही.

आता शिकवायचं म्हणजे काय ते तुझ्या गावातलंच उदाहरण घेऊन सांगते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाला निसर्गचित्र काढ म्हटलं की दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा अर्धा सूर्य, खाली नदी, एक झोपडी, एक नारळाचं झाड आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. साताऱ्यातली मुलंही हेच काढतात. आणि साताऱ्यात डोंगर कसे आहेत? अजिंक्यतारा वरून सपाट आहे, वर टॉवर उभा आहे, यवतेश्वरचा डोंगर चढून गेलं की पुढे कासचं पठार लागतं, तेही सपाट. आपला सह्याद्री लाव्हाचे थरावर थर बसून झालाय, म्हणून त्याला आडव्या पट्ट्या दिसतात, मध्येच सरळ कडा, मग उतार, मग परत कडा. हे सगळं मुलांना रोज शाळेत जाताना दिसतं आणि कागदावर मात्र त्रिकोण येतो, कारण ते डोंगर बघून काढत नाहीत, कुणाचं तरी चित्र आठवून काढतात. पहिल्याच महिन्यात एकदा सगळ्यांना गच्चीवर नाहीतर रस्त्याच्या कडेला जिथून अजिंक्यतारा दिसतो तिथे बसव, रंग नाही, फक्त पेन्सिल, आणि एवढंच विचार की माथ्याची रेघ कुठून कुठपर्यंत आडवी जाते आणि कुठे खाली वळते. टॉवर त्या रेघेच्या कुठल्या बाजूला आहे. चित्र वेडंवाकडं येईल, येऊ दे. पण त्या दिवशी एकाही कागदावर त्रिकोण नसेल, आणि मूल घरी जाऊन आईला म्हणेल की अगं आपला डोंगर वरून सपाट आहे. हीच तुझी जाहिरात.

पालक कुरकुर करणार, हे धरून चाल. दोन महिने झाले मॅडम, अजून सिनरी नाही काढली, असं कुणीतरी म्हणेलच. त्यासाठी पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाकडून एक चित्र काढून घे, काहीही न शिकवता, घरातली माणसं काढ म्हणून सांग, मागे तारीख घाल आणि फाइलला लाव. तीन महिन्यांनी तेच परत काढून घे आणि दोन्ही कागद पालकांसमोर शेजारी शेजारी ठेव. याच्यापुढे तुला भाषण द्यायची गरज पडत नाही.

वयाचं जरा नीट समजून घे, कारण बॅच त्यावरच पाडायच्यात. चार-साडेचार वर्षांचं मूल माणूस काढतं तेव्हा डोक्यालाच पाय फुटलेले असतात, पोट नसतंच. ही चूक नसते, त्या वयात असंच येतं, दुरुस्त करायला जायचं नाही. सहा-सात-आठला कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, सगळे त्या रेघेवर ओळीने उभे राहतात, आणि जो माणूस महत्त्वाचा तो सगळ्यात मोठा. ह्या मुलांना भरपूर रंग दे, माती दे, गोष्ट सांग आणि त्यातलं काढू दे. मग नऊ-दहा येतं आणि तिथे घोळ सुरू होतो. मुलाला स्वतःलाच कळायला लागतं की आपण काढलेला घोडा घोड्यासारखा दिसत नाही. खोडरबर घासून कागद फाटेपर्यंत खोडतं, हाताने झाकून काढतं आणि मग एक दिवस म्हणतं मला ड्रॉइंग येत नाही. आपल्यातली बहुतेक मोठी माणसं त्या दिवशी थांबलेली आहेत. घरचे म्हणतात याला त्यात गती नाही, आणि विषय संपतो. तुझ्या क्लासची खरी गरज या वयाला आहे, कारण त्याला आता नुसतं वा छान म्हणून चालत नाही, त्याला युक्त्या हव्या असतात.

म्हणजे कशा? घरातला पितळेचा तांब्या घे. मुलांना काढायला सांग. दहातली नऊ मुलं तांब्याचं तोंड काढताना दोन्ही बाजूंना टोक काढतील आणि बुड पट्टीने मारल्यासारखं सरळ रेघेने बंद करतील, कारण त्यांना माहितीय की तांब्या जमिनीवर सपाट बसतो. आता काही बोलू नकोस. तांब्या उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धर, अगदी समोर, आणि विचार तोंड कसं दिसतंय. नुसती रेघ. हळूहळू खाली ने, रेघ उघडायला लागते, लंबगोल होतो, जमिनीवर ठेवून उभ्याने वाकून बघितलं की जवळजवळ पूर्ण गोल. मग त्यांचं त्यांनाच सुचतं की बुड तर तोंडाच्याही खाली आहे, म्हणजे ते तोंडापेक्षा जास्त वाकलेलं दिसायला पाहिजे. एवढं एक कळलं की वाटी, बादली, ग्लास, पातेलं सगळं सुटतं. मुलगा घरी जाऊन जेवताना ताटातली वाटी वरखाली करून बघतो. हे शिकवण्यासाठी प्रदर्शन भरवलेलं असावं लागत नाही, तांब्या लागतो आणि घाई न करणारी बाई लागते.

तर सुरुवातीला दोनच बॅच ठेव, एक सहा ते नऊ, दुसरी दहा ते तेरा. सहा वर्षांखालचं कुणी घेऊ नकोस, शेजारीण कितीही गळ घालू दे, कारण त्या वयाला वेगळी पद्धत आणि सतत एक जास्तीचा माणूस लागतो. एका बॅचला आठच मुलं. दहा बाय बाराच्या पडवीत बारा बसतील असं वाटतं पण मांडी घालून पुढे पॅड, बाजूला रंग, पाण्याचा डबा आणि मध्ये तुला फिरायला जागा, एवढं धरलं की आठच मावतात. आणि दीड तासात एकेका मुलाजवळ तू दोन-तीनदा पोचायला हवीस, बारा झाली की ते होत नाही आणि मग क्लास म्हणजे नुसता पोरांना सांभाळण्याचा उद्योग होतो.

आता फी. आधी तुझ्या भागात डान्स, अबॅकस, कराटे यांचे क्लास महिन्याला काय घेतात ते विचारून ये, त्यांच्या खाली जायचं नाही. उदाहरणासाठी महिन्याला 800 धरू, आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास. आठ मुलं म्हणजे 6,400, दोन बॅचचे 12,800. पण वर्षाचा हिशोब करताना बारा महिने धरू नकोस, दहाच धर. मार्च-एप्रिलला परीक्षा, मेमध्ये निम्मी गल्ली मामाच्या गावाला, दिवाळीत दोन-तीन आठवडे सुट्टी. म्हणजे दोन्ही बॅच भरल्या तर वर्षाला 1,28,000, आणि पहिल्या वर्षी त्या भरणार नाहीत हेही धरून चाल. हे आकडे कागदावर लिहून मिस्टरांना आणि सासूबाईंना दाखव, म्हणजे हा टाइमपास नाहीये हे घरातही सगळ्यांना कळेल.

फी महिन्याची महिन्याला मागत बसायची नाही. तीन महिन्यांची एकदम, सुरुवातीला. 2,400 फी आणि साहित्याचे वेगळे 300, म्हणजे 2,700. तुझी जीभ जी अडखळते ना ती दर महिन्याला मागावं लागतं म्हणून जास्त अडखळते, तीन महिन्यांतून एकदाच मागायचं आणि तेही छापील कागदावर, मग तोंडाने बोलायची वेळच येत नाही. त्या कागदावर अर्ध्या पानात सगळं लिही: वार, वेळ, फी, साहित्यात काय काय येतं, मूल आलं नाही तर फी वजा होत नाही पण दुसऱ्या बॅचला जागा असेल तर बसता येईल, मॅडमनी सुट्टी घेतली तर तो क्लास भरून दिला जाईल, दहा मिनिटांपेक्षा जास्त उशिरा न्यायला यायचं नाही. सगळ्यांना तोच कागद. ओळखीच्यांनाही तोच. आपल्याकडे म्हणतात ना भीड ही भिकेची बहीण, ती म्हण घरगुती धंदा करणाऱ्या बायकांइतकी कुणालाच लागू पडत नसेल. एक ट्रायल क्लास मात्र फुकट दे, त्यात मूल रमतंय का हे तुलाही कळतं.

नणंदेच्या मुलांचं बोलू. फुकट घेऊ नकोस. तू फुकट घेतलंस की दोन गोष्टी होतात, एक तर ती मुलं कधीही येतात कधीही जातात कारण पैसे दिलेले नसतात, आणि दुसरं म्हणजे चुलत, मावस, शेजारची अशी रांगच लागते आणि आठातल्या चार जागा जातात. दोघं सख्खी भावंडं आहेत ना, मग भावंडांची सवलत सगळ्यांनाच ठेव, दुसऱ्या मुलाला 25 टक्के कमी, आणि तीच त्यांना दे. पुतण्या-भाच्यांचे लाड करायचे असतील तर वाढदिवसाला चांगली रंगपेटी दे, मनापासून दे. आणि हे नणंदेला तू सांगण्यापेक्षा मिस्टरांनी आपल्या बहिणीला सांगितलेलं बरं, एक फोन त्यांनी करायचा, बास.

पंधरा हजार सगळे घालू नकोस. छोटी टेबल-खुर्च्या, रंगीबेरंगी भिंती, फ्लेक्सचा मोठा बोर्ड, यातलं काहीही पहिल्या वर्षी लागत नाही. लागतं काय तर चांगला उजेड, म्हणजे दोन एलईडी ट्यूब, आणि बहुतेक मुलं उजव्या हाताने काढतात म्हणून उजेड डावीकडून येईल अशी बसवायची, नाहीतर हाताची सावली चित्रावर पडते. डावखुऱ्या मुलाला उलट्या बाजूला बसव. परीक्षेला नेतात तसली क्लिपची पॅड आठ-दहा, चटया, जाड कार्ट्रिज पेपर, तो सुटा न घेता मोठ्या शीट एकदम घेऊन चार भाग करून घ्यायचे, क्वार्टर साइजला स्वस्त पडतात. पुण्याला जाणं झालंच तर अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मार, होलसेलमध्ये मिळून जातं. पोस्टर कलर तू ठेव, ऑइल पेस्टल आणि ब्रश मुलांनी आणायचे. आणि पोस्टर कलरच्या बाटल्या फक्त लाल, पिवळा, निळा आणि पांढरा. हिरवी बाटली घरात आणूच नकोस. हिरवा करून घे त्यांच्याकडून, पिवळ्यात निळा थेंब थेंब घालत, आणि मग पावसाळ्यात यवतेश्वरच्या उताराकडे बघून विचार यातला कुठला हिरवा तुझ्या वाटीत आहे. एका क्लासला पंधरा-वीस हिरवे निघतात, मुलांना वेड लागतं.

लहान बॅचला ॲक्रेलिक देऊ नकोस. पोस्टर कलर ओला असताना पाण्याने जातो, ॲक्रेलिक एकदा वाळला की कपड्यावरून निघत नाही, आणि तिथून सासूबाईंचा विषय सुरू होतो.

सासूबाईंची काळजी खोटी नाही गं. त्यांचं घर आहे, त्यांनी वर्षानुवर्षं पुसलंय ते. त्यांना समजावत बसू नकोस, सोय करून दाखव. पडवीच्या पलीकडे एकही मूल येणार नाही, दार बाहेरूनच, चपला बाहेर. जुना फ्लेक्स कुणाकडून तरी माग, उलटा करून सगळ्या पडवीभर अंथर, क्लास संपला की पुसून गुंडाळून ठेवायचा. भिंतीला खालून तीन फूट ऑइलपेंट मारून घे, पुसता येतो. प्रत्येक मुलाने बाबांचा जुना शर्ट आणायचा, मागून बटणं लावून घालायचा. पाण्याला रुंद तोंडाचे डबे, म्हणजे कलंडत नाहीत. आणि गणपतीच्या आधी शाडूचं करशील तेव्हा एक लक्षात ठेव, शाडूचे हात बेसिनमध्ये धुवू द्यायचे नाहीत, पाइप तुंबतो. बादलीत धुवायचे, माती तळाला बसली की वरचं पाणी झाडांना घालायचं आणि खालची माती वाळवून परत वापरायची. क्लासचे वार आणि वेळ त्यांच्या पूजेच्या आणि दुपारच्या झोपेच्या आड येऊ देऊ नकोस, संध्याकाळी साडेपाच ते सात ठेव. आणि एक सुचवू का? त्यांना ठिपक्यांची रांगोळी येत असेल तर महिन्यातून एकदा त्यांनाच शिकवायला बसव. अकरा ते सहा अशी उतरत्या ठिपक्यांची मांडणी, सगळ्या बाजूंनी सारखी उघडत जाणारी नक्षी, अगं ते संकल्पचित्र, म्हणजे डिझाइनच आहे. मुलांना आजी आवडतात, आणि आजींनाही मुलं आवडायला लागतात. पण त्यांच्या मनात असेल तरच, जबरदस्ती नको.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट. घे, पण यावर्षी नाही. शासकीय रेखाकला परीक्षा कला संचालनालय घेतं, फॉर्म शाळेतून भरला जातो, त्यामुळे तुझ्याकडे फक्त तयारी. पालकांची मागणी सगळ्यात जास्त यालाच असेल, कारण इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ग्रेडला 7, बीला 5, सीला 3. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे सगळं तू शिकलेलीच आहेस, पण वर्षानुवर्षं हात लागला नसेल तर आधी स्वतः घड्याळ लावून जुने पेपर सोडव. भूमितीत हात सगळ्यात लवकर गंजतो. पुढच्या जूनला वेगळी बॅच काढ, जून ते परीक्षेपर्यंत, फी थोडी जास्त. मात्र ही मुलं आधी सांगितलेल्या दोन बॅचमध्ये मिसळू नकोस, कारण परीक्षेच्या मुलांना वेळेत पूर्ण करायची सवय लावावी लागते आणि छोट्यांना नेमकी तीच घाई लागू द्यायची नसते. आणि स्मरणचित्राला पाठ केलेली माणसं शिकवू नकोस, बाजारात फिरून काढलेली दहा स्केचेस त्यापेक्षा कामाला येतात. रविवारी सकाळी भाजी मंडईत जाऊन बसा की सगळे, वाकून भाजी निवडणारी बाई, तराजू धरलेला हात, पिशवी सांभाळणारं पोर.

कागदपत्रांचं उगाच भूत करू नकोस. सोळा वर्षांचं जे तू ऐकलंस ते जानेवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने कोचिंग सेंटरसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमधलं आहे, त्या 50 पेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या कोचिंगसाठी आहेत आणि खेळ, नृत्य, नाटक आणि इतर सर्जनशील गोष्टी त्यातून वगळल्यात. तुझ्या सोळा मुलांच्या चित्रकलेच्या क्लासशी त्याचा संबंध नाही. जीएसटी सेवांसाठी वर्षाला 20 लाखांच्या वर उलाढाल गेली तर. शॉप ॲक्टमध्ये, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात, तुझ्यासारख्या एकटीने चालवलेल्या छोट्या कामाला नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची नोंदणी, सरकारी पोर्टलवर आधार-पॅनवर होते आणि फुकट होते, कुणी त्याचे हजार-दोन हजार मागितले तर देऊ नकोस. करंट अकाउंट काढायचं ठरवलंस तर हे कागद उपयोगी पडतात, पण पहिल्या दिवशी एवढंच कर की क्लासच्या पैशांसाठी एक वेगळं सेव्हिंग खातं ठेव, त्याचाच क्यूआर कोड लाव, आणि घरखर्चाच्या पैशात ते मिसळू देऊ नकोस. एका वहीत आलेले-गेलेले लिहीत जा. तुमचं स्वतःचं बैठं घर आहे म्हणून सोसायटीची भानगड नाही, पण साडेपाचला सोळा स्कूटर शेजाऱ्यांच्या गेटसमोर लागल्या की भांडणं होतात, तेव्हा दोन्ही बॅच एका दिवशी ठेवू नकोस आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव.

हे मात्र कडक ठेव. दुसऱ्यांची मुलं घरात येणार आहेत. प्रत्येक मुलाचा एक फॉर्म, त्यात आई-बाबांचे दोन नंबर, कशाची ॲलर्जी आहे, न्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांची नावं. त्या यादीत नसलेल्या माणसाबरोबर मूल सोडायचं नाही, काका आहे म्हणाला तरी आधी आईला फोन. क्लास चालू असताना पडवीचं दार उघडं, घरातल्या इतर कुणी मध्ये फिरायचं नाही, आणि मूल बाथरूमला गेलं तर कोण लक्ष ठेवणार ते ठरलेलं असावं. कटर फक्त तुझ्या हातात. आणि इन्स्टावर टाकायचे तर चित्रांचे फोटो टाक, मुलांचे चेहरे पालकांनी लेखी हो म्हटल्याशिवाय नको, नाव-शाळा तर अजिबात नको.

शिकवायचे विषय शोधायला तुला लांब जायला लागणार नाही. दिवाळीत किल्ले करतातच, त्याच्या आधी एक क्लास किल्ल्याचा नकाशा काढण्यावर घे, बुरूज कुठे, दरवाजा कुठून वळतो. वारली शिकवणार असशील तर नुसते दोन त्रिकोण जोडून माणूस करायला शिकवू नकोस, ते तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर का काढतात, लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकाशी त्याचं काय नातं, जिव्या सोमा म्हसे कोण होते आणि त्यांना 2011 ला पद्मश्री कशासाठी मिळाली हे सांग, गेरू आणि तांदळाचं पीठच वापरायला दे. आणि वर्षातून एकदा पालकांसकट औंधला जा. भवानी संग्रहालय 1938 चं आहे, औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी उभं केलेलं, तुमच्याच जिल्ह्यात, आणि तिथे राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. छापील कॅलेंडरमधली नाही, खरी. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं माय-लेकराचं शिल्पसुद्धा आहे. मुलांना तिथे एकच चित्र निवडायला सांग आणि अर्धा तास त्याच्याच समोर बसव.

सुरुवात जुलैत कर. जूनमध्ये पालक वह्या-पुस्तकं-युनिफॉर्ममध्ये बुडालेले असतात आणि खिसाही रिकामा असतो. पहिल्या बॅचला तीनच मुलं आली तरी चालू कर, आठ होईपर्यंत थांबू नकोस, आणि तीन आहेत म्हणून फी कमी करू नकोस. तुझ्या मुलीला तिच्या वयाच्या बॅचमध्ये बसवणार असशील तर क्लासमध्ये तिनेही तुला मॅडमच म्हणायचं आणि तिचा नंबर शेवटी. तिला याचा थोडा राग येईल, तर क्लास नसलेल्या एखाद्या संध्याकाळी तिच्याबरोबर एकटीने काढायला बस. दिवाळीपर्यंत किती मुलं झाली ते कळव, आणि परीक्षेची बॅच काढायच्या आधी तू सोडवलेले भूमितीचे पेपर मला पाठव, मी बघून देईन.